‘विधान’ म्हणजे काय? : पुण्यातील १९८३ चा पंडित-प्राध्यापक संवाद आणि त्याची पूर्वपीठिका

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तर्कशास्त्राचा पहिला तास बहुधा एका भेदाने सुरू होतो. वाक्य वेगळे आणि विधान वेगळे, असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. वाक्य एखाद्या भाषेचे असते. त्या वाक्याने जे सांगितले जाते ते विधान, आणि सत्य किंवा असत्य असते ते विधानच. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात व परीक्षेत लिहितात. हा भेद युरोपीय तत्त्वज्ञानातही वादग्रस्त आहे आणि भारतीय न्यायशास्त्रात तर त्याला सरळ जागाच नाही, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. प्रस्तुत लेखकानेही अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत ती सांगितली नव्हती.

जुलै १९८३ मध्ये पुण्यात हाच प्रश्न उघडपणे मांडला गेला. आधुनिक तत्त्वज्ञानाचे अध्यापक आणि परंपरेने शास्त्राध्ययन केलेले पंडित एकत्र बसले व बर्ट्रांड रसेल यांच्या विधानविषयक सिद्धांतावर त्यांनी चर्चा केली. या संवादाकडे स्थानिक इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. तो पुण्यात व्हावा, याला काही पूर्वपीठिका होती.

दुभंगाचा इतिहास

१८२१ मध्ये कंपनी सरकारने पुण्यात संस्कृत पाठशाळा स्थापन केली. पेशव्यांच्या दक्षिणेसाठी राखलेल्या निधीतून तिचा खर्च भागविला जाई. विश्रामबागवाड्यात भरणाऱ्या या पाठशाळेत न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र हे विषय शास्त्री शिकवीत. १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा यांचे एकत्रीकरण होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ मध्ये त्यालाच डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. दोन्ही विद्या एका छपराखाली आल्या खऱ्या, परंतु त्या समान पायावर आल्या नाहीत. मिल, स्पेन्सर, कांट हे ‘तत्त्वज्ञान’ ठरले. न्याय आणि मीमांसा हा संस्कृत भाषेच्या अभ्यासाचा भाग ठरला. आजही न्यायशास्त्राचा चांगला अभ्यासक संस्कृत विभागात भेटण्याची शक्यता अधिक असते.

या विभागणीला अपवाद घडलेच नाहीत असे नाही. डेक्कन कॉलेजच्याच दोन विद्यार्थ्यांचे उदाहरण घ्यावे. आगरकरांनी मिल-स्पेन्सरांचा विचार मराठी निबंधात आणला. टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त कर्तव्याकर्तव्याच्या प्रश्नावर मिल, कांट, ग्रीन यांना गीतेसमोर उभे केले. त्यांच्या निष्कर्षांशी कोणाचा मतभेद असो. नीतिशास्त्राचा तांत्रिक वाद मराठीत चालविता येतो, हे त्या ग्रंथाने दाखविले. पुढे रा. द. रानडे यांनी उपनिषदांचे १९२६ मधील विवेचन आधुनिक तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांभोवती रचले.

शास्त्रपरंपरेच्या बाजूने पाहता वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांचे काम विशेष उल्लेखनीय आहे. भीमाचार्य झळकीकर यांचा ‘न्यायकोश’ त्यांनी सुधारून वाढविला आणि १९२८ मध्ये तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. नव्यन्यायाच्या परिभाषेत अडखळणारा अभ्यासक अजूनही हाच कोश उघडतो.

खानदेशात अमळनेर येथे प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथून निघणाऱ्या इंग्रजी त्रैमासिकाचा वारसा १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’कडे आला. या विभागाच्या उभारणीत सु. शि. बारलिंगे यांचा वाटा मोठा होता. १९७४ मध्ये दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’चे तीन खंड प्रसिद्ध झाले आणि १९७९ मध्ये ‘परामर्श’ हे त्रैमासिक सुरू झाले. परामर्श हा न्यायशास्त्रातील पारिभाषिक शब्द आहे : व्याप्तीने युक्त असा हेतू पक्षावर आहे, हे अनुमितीच्या लगेच आधीचे ज्ञान. आधुनिक विद्यापीठीय नियतकालिकाने हे नाव घ्यावे, यात एक आकांक्षा दिसते.

संवादाची योजना

योजना प्रामुख्याने जयपूरचे दया कृष्ण आणि महाराष्ट्रातील मे. पुं. रेगे यांची, रामचंद्र द्विवेदी व मुकुंद लाठ यांचा तीत सहभाग होता. रेगे (१९२४-२०००) हे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या ‘नवभारत’ मासिकाचे संपादक होते. पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला होता आणि वाईमुळे लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या शास्त्रनिष्णात विचारवंताचा सहवास त्यांना लाभला होता. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा सांगू शकणारी माणसे त्या पिढीत थोडी होती; रेगे त्यांपैकी एक.

चर्चेसाठी उपनिषदे किंवा मोक्ष यांसारखा विषय निवडला असता, तर सौजन्याची देवाणघेवाण होऊन सर्व मंडळी घरी गेली असती. निवड झाली ती रसेलची. प्रश्न आधी संस्कृतात मांडून पंडितांकडे पाठविण्यात आले आणि चर्चाही मुख्यतः संस्कृतात झाली. इंग्रजीत विचार करण्याची सवय असलेल्या प्राध्यापकांना या वेळी भाषांतराची अडचण सोसावी लागली, ही गोष्ट लहान नाही. एरवी ती पंडितांच्या वाट्याला येते.

वादाचे मर्म

रसेलची भूमिका एकसारखी राहिलेली नाही. १९०३ च्या ग्रंथात विधान हा मनाबाहेरचा, प्रत्यक्ष वस्तूंनीच बनलेला घटक आहे. अशी विधाने मानली की असत्य विधानांनाही अस्तित्व द्यावे लागते आणि ते त्याला पुढे असह्य झाले. म्हणून १९१० नंतर त्याने वेगळी मांडणी केली. ऑथेल्लोचा समज आहे की डेस्डिमोनाचे कॅसियोवर प्रेम आहे. येथे ‘डेस्डिमोनाचे कॅसियोवरील प्रेम’ अशी एक वस्तू नाही. ऑथेल्लो, डेस्डिमोना, प्रेम आणि कॅसियो यांना एकत्र बांधणारा ‘समजणे’ हा संबंध आहे. १९१३ मध्ये विट्गेन्स्टाइनने या मांडणीवर कठोर आक्षेप घेतला व रसेलने चालू असलेले हस्तलिखित सोडून दिले.

आता नैयायिकाची मांडणी पाहावी. त्याच्या मते सत्य किंवा असत्य असते ते ज्ञान, आणि ज्ञान हा आत्म्याच्या ठिकाणी विशिष्ट क्षणी उत्पन्न होणारा गुण आहे. ‘पर्वत अग्नियुक्त आहे’ या ज्ञानात पर्वत विशेष्य, अग्नी प्रकार आणि संयोग हा संसर्ग. प्रकार म्हणून जे भासते ते विशेष्याच्या ठिकाणी खरोखर असेल तर ज्ञान यथार्थ, नसेल तर अयथार्थ. ज्ञान आणि वस्तू यांच्यामध्ये विधान नावाची तिसरी वस्तू कोठेच लागत नाही.

मग भ्रमाचे काय? शिंपल्याच्या ठिकाणी रुपे दिसते तेव्हा शिंपलाही खरा आणि रुपेही अन्यत्र खरेच आहे. चुकीची आहे ती जोडणी. ही अन्यथाख्याती आणि १९१० नंतरच्या रसेलचा ऑथेल्लो यांत विलक्षण जवळीक आहे. दोघेही असत्य वस्तू न मानता असत्य ज्ञानाचा उलगडा करू पाहतात. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. रसेलला न जुळलेल्या संबंधाला ज्ञानाच्या आत कोठे ठेवावे हे सांगता येईना. नैयायिकाकडे त्यासाठी संसर्गाची विषयता ही स्वतंत्र संकल्पना तयार होती.

‘सशाला शिंग नाही’ या वाक्यातही हेच दिसते. रसेलने १९०५ मध्ये ‘फ्रान्सचा आजचा राजा’ हा पदसमूह विश्लेषणाने मोडून काढला. नैयायिक सशाचे शिंग नावाच्या वस्तूचा अभाव मानत नाही. सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव मानतो. शिंग गाईच्या ठिकाणी प्रसिद्ध आहे, त्यामुळे अभावाचा प्रतियोगी काल्पनिक राहत नाही.

येथपर्यंत नैयायिकाची बाजू भक्कम दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण पुढे आहे. ‘तो विस्तवाने झाडे शिंपतो’ हे वाक्य ऐकल्यावर शाब्दबोध होत नाही, कारण तेथे योग्यता नाही, असे न्यायमत सांगते. अयोग्यतेचे ज्ञान बोधाला प्रतिबंध करते. पण वाक्य कळल्यावाचून ते अयोग्य आहे हे तरी श्रोत्याला कसे कळले? ‘हे तुमचे म्हणणे मला कळले, पण ते खोटे आहे’ असे आपण रोज म्हणतो. जे कळले आणि तरीही मानले नाही, ते काय? आधुनिक अभ्यासक येथे विधानाची गरज दाखवितो. नैयायिक आहार्य ज्ञानाकडे, म्हणजे बाधाची जाणीव असूनही इच्छेने उत्पन्न केलेल्या ज्ञानाकडे बोट दाखवितो. परंतु शब्दापासून असे ज्ञान होते की नाही, याविषयी शास्त्रातच मोकळेपणा नाही.

हा प्रश्न वैयाकरणांना विशेष करून विचारण्याजोगा आहे. नागेशभट्टासारखा वैयाकरण शब्दाचा अर्थ बौद्ध, म्हणजे बुद्धीत असलेला, मानतो आणि योग्यतेची अट शिथिल करतो. विधानाच्या संकल्पनेला भारतीय परंपरेत जवळचे नातेवाईक शोधायचे असतील, तर ते न्यायापेक्षा व्याकरणात सापडतील. अभ्यंकरांच्या पुण्यात, जेथे महाभाष्याचे मराठी भाषांतर झाले, ही दिशा अधिक चोखाळली जायला हवी होती.

प्रश्न कोणाचे?

संवादाची कागदपत्रे ‘संवाद’ या शीर्षकाने १९९१ मध्ये भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेने ग्रंथरूपात आणली. ग्रंथाच्या चार संपादकांत रेगे होते. या प्रयोगावर एक आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायला हवा. प्रश्न रसेलचे होते. उत्तरे पंडितांनी द्यायची होती. परीक्षक कोण आणि परीक्षार्थी कोण हे बैठकीच्या रचनेतच ठरलेले होते. अवच्छेदक किंवा प्रतियोगी ही संकल्पना घेऊन रसेलला प्रश्न विचारले असते, तर कदाचित आधुनिक बाजूची अडचण अधिक स्पष्ट झाली असती. तरीही हा आक्षेप पूर्ण न्याय्य नाही. शतकाहून अधिक काळ शास्त्र्यांना ग्रंथ लावून दाखविण्यासाठीच बोलावले जाई. येथे त्यांना त्यांचे मत विचारले गेले.

मराठीत ‘विधान’ हा शब्द कसा आला, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. संस्कृतात विधानाचा मुख्य अर्थ विहित करणे, नियम घालून देणे असा. ‘विधी’ त्याच कुळातला. जो शब्द मुळात आज्ञेच्या जवळचा, तोच आपण वस्तुस्थिती सांगणाऱ्या आशयासाठी योजला. हिंदीने ‘तर्कवाक्य’ व ‘प्रतिज्ञप्ति’ हे पर्याय घेतले. यांत कोणता शब्द बरा हा वाद येथे नको. मात्र पारिभाषिक शब्द ठरविताना एक अख्खा सिद्धांतही गृहीत धरला गेला, आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी तो सिद्धांत शब्दाबरोबरच, न तपासता स्वीकारतो. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला निदान स्ट्रॉसन आणि क्वाइन वाचून शंका घेण्याची सोय आहे.

पुण्याच्या बैठकीनंतर असे संवाद इतरत्रही झाले. १९८५ मध्ये सारनाथ येथे काशीचे नैयायिक बदरीनाथ शुक्ल यांनी एक निबंध मांडला. न्यायाची इतर तत्त्वे शक्य तेवढी राखून, देहाहून वेगळा आत्मा न मानता शास्त्र उभे राहू शकते काय, हा त्यांचा प्रश्न होता. देहालाच आत्मा मानणे हे चार्वाकाचे मत. नैयायिकांनी ते शतकानुशतके खोडून काढले. शुक्लजींनी ते स्वतःच्या शास्त्राच्या आतून, पूर्वपक्ष म्हणून नव्हे तर शक्यता म्हणून तपासले. मुकुंद लाठ यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८८ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या वेळी प्रश्न रसेलचा नव्हता आणि कोणा प्राध्यापकानेही तो लिहून पाठविलेला नव्हता.