मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह : चिमट्यापासून डॉपलरपर्यंत

रक्तदाब म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. पण मंडळी, १९३४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीला चांदीचा चिमटा लावून ती अर्धवट आवळली, आणि रक्तदाब चढला. असं का झालं? रक्त कमी पोचलं की मूत्रपिंड समजतं, सगळ्या शरीरातच दाब उतरलाय. मग ते रेनिन सोडतं; त्यातून पुढे रक्तवाहिन्या आकसतात आणि मीठ-पाणी साठतं.

यातून अनेक डॉक्टरांनी सरळ अर्थ काढला : दोषी मूत्रपिंड काढा, रक्तदाब जाईल. १९५६ मध्ये होमर स्मिथ यांनी अशा ५७५ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. रक्तदाब ताळ्यावर आलेले रुग्ण जेमतेम चौथा हिस्सा! म्हणजे बाकीच्यांचं मूत्रपिंड गेलं, रक्तदाब राहिला. धमनी खरंच अरुंद आहे का, आणि रक्तदाब तिच्यामुळेच आहे का, हे आधी पारखायची साधनं तोकडी होती.

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्या तत्त्वातून मिळालं, ते ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे मांडलं होतं, तेही ताऱ्यांच्या रंगांविषयी! आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते, लांब जाताना उतरी, ते हेच तत्त्व. सोनोग्राफीत ध्वनिलहरी धावत्या रक्तपेशींवरून परततात आणि त्यांच्या बदललेल्या वारंवारितेवरून रक्ताचा वेग कळतो. पाण्याच्या नळीचं तोंड बोटानं दाबून बघा, धार जोरात उडते. तसंच इथे. वेग सेकंदाला साधारण १८० ते २०० सेंटीमीटरच्या पुढे गेला, की धमनी अरुंद असल्याची शंका येते. चिरफाड नाही, क्ष-किरण नाहीत.

दुसरा प्रश्न मात्र चिवट निघाला. २००१ मध्ये जर्मनीत राडरमाखर आणि सहकाऱ्यांनी ‘रेझिस्टिव्ह इंडेक्स’ वापरून बघितला. ठोक्याच्या वेळचा सर्वाधिक वेग घ्यायचा, त्यातून विश्रांतीच्या शेवटचा वेग वजा करायचा आणि बाकीला सर्वाधिक वेगानं भागायचं. आकडा ०.८० किंवा जास्त असला, तर धमनी मोकळी करूनही बहुतेकांना फायदा झाला नाही. आतल्या बारीक वाहिन्याच कडक झाल्या असाव्यात. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत मात्र हा निकष इतका चोख ठरला नाही. २०१४ च्या ‘कोरल’ चाचणीत तर ९४७ रुग्ण होते, आणि चरबी साचून अरुंद झालेल्या धमनीत स्टेंट घालून औषधांपेक्षा ठळक जास्त लाभ दिसला नाही.

तेव्हा रिपोर्टवर ‘धमनी अरुंद’ असं आलं, तर घाबरून जाऊ नका. डॉक्टरांना एवढंच विचारा : माझा रक्तदाब हिच्यामुळेच आहे का, आणि ती मोकळी केली तर तो उतरेल का? १९५६ च्या हिशेबानं हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवलाय.