कृमीच्या मेदात दडलेले आयुष्याचे गणित

कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा परिचय बहुतेक मुंबईकरांना अणुविज्ञान आणि गणित यांमुळे असतो. तेथे १९६२ साली डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे फळमाशी, उंदीर व सूत्रकृमी हे प्राणी या समुद्रकाठच्या इमारतीत कायमचे वस्तीला आले, ही गोष्ट मात्र तितकीशी ठाऊक नसते. वार्धक्य का येते आणि शरीरातील मेदाचा त्याच्याशी काय संबंध, या प्रश्नाची बरीचशी उत्तरे गेल्या तीन दशकांत याच क्षुद्र जिवांकडून मिळाली आहेत.

त्यांतील अग्रमान ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ या सूत्रकृमीचा. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, शरीर काचेसारखे पारदर्शक, प्रौढ उभयलिंगी कृमीच्या देहातील पेशी मोजून ९५९ (प्रजननपेशी वगळून) आणि त्यांपैकी चेतापेशी ३०२. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात त्याची निवड केली आणि २००२ साली त्यांना जॉन सल्स्टन व रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत तीन दिवस आणि एकूण आयुष्य दोन-तीन आठवडे. प्रयोगशाळेत अगरच्या बशीवर ई-कोलाय जिवाणूंचा पातळ थर देतात, तेच त्याचे अन्न. आयुर्मान मोजण्याची रीतही साधी आहे. रोज बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, प्लॅटिनमच्या तारेने कृमीला हलकेच स्पर्श करायचा, हालला नाही तर मृत म्हणून नोंदवायचा. एका कृमीला सुमारे तीनशे पिल्ले होत असल्याने ती मूळ कृमींत मिसळू नयेत म्हणून दररोज बशा बदलाव्या लागतात. या शास्त्रात प्रतिभेइतकेच चिकाटीलाही मोल आहे!

या कृमीला माणसासारखे स्वतंत्र मेदऊतक नसते. तो मेद साठवतो आतड्याच्या आणि त्वचेखालच्या पेशींत, लहान थेंबांच्या रूपाने. हे थेंब पाहण्यासाठी रंगद्रव्ये वापरतात, परंतु येथे एक फसगत झाली होती. जिवंत कृमीला ‘नाइल रेड’ हा रंग खाऊ घालून मेद मोजण्याची पद्धत अनेक वर्षे प्रचलित होती. हा रंग मेदाच्या थेंबांत नव्हे, तर पेशीतील पाचक पिशव्यांत साठतो, असे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले. त्यामुळे त्याआधीच्या काही निष्कर्षांकडे पुन्हा पाहावे लागले.

आता चयापचयज पदार्थ म्हणजे काय, ते पाहू. आपण खाल्लेल्या अन्नाचे पेशीत विघटन होताना आणि त्यातून नवे घटक तयार होताना जे लहान लहान रेणू निर्माण होतात, त्यांना ही संज्ञा आहे. शर्करा, मेदाम्ले, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वांपासून बनणारे सहघटक हे सारे त्यात आले. पूर्वी त्यांना केवळ इंधन किंवा कच्चा माल समजत. ते निरोप्याचे कामही करतात आणि जनुकांना चालू-बंद करण्याइतका त्यांचा अधिकार असतो, ही जाणीव त्या मानाने अलीकडची.

कॅलिफोर्नियात सिंथिया केनियन यांनी १९९३ साली ‘डॅफ-२’ या एकाच जनुकातील दोषामुळे कृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक होते, असे जाहीर केले तेव्हा खळबळ उडाली. हे जनुक मानवी इन्सुलिनच्या ग्राहकाशी नाते सांगणारे आहे, हे १९९७ मध्ये कळले. विस्मयाची बाब पुढेच आहे. हे दीर्घायुषी कृमी सामान्य कृमींपेक्षा अधिक मेद बाळगतात. प्रजननपेशी काढून टाकलेले कृमीही अधिक जगतात आणि तेही मेदयुक्तच असतात. म्हणजे मेद वाढला की आयुष्य घटते, हे सरळ समीकरण येथे लागू पडत नाही.

कोडे सुटले ते मेदाच्या प्रमाणाऐवजी त्याच्या उलाढालीकडे लक्ष गेल्यावर. प्रजननपेशी नसलेल्या कृमीच्या आतड्यात मेद फोडणारे एक विकर वाढते आणि त्याच्यावाचून दीर्घायुष्य लाभत नाही, असे २००८ मध्ये आढळले. या विघटनातून ‘ओलिओइल इथॅनोलअमाइड’ हा रेणू तयार होतो, एक वाहक प्रथिन त्याला पेशीकेंद्रात पोहोचवते आणि तेथे आयुष्य वाढवणारी जनुके जागी होतात, हे ह्यूस्टनच्या मेंग वांग यांच्या गटाने २०१५ साली दाखवले. स्टॅनफर्ड येथील अॅन ब्रुनेट यांच्या गटाने २०१७ मध्ये ओलेइक आम्ल नुसते खाऊ घातले तरी कृमी अधिक जगतात, असे नोंदवले. हे आम्ल ऑलिव्ह तेलात विपुल आणि आपल्या शेंगदाणा तेलातही भरपूर असते. त्यावरून तळणीचे समर्थन करण्याचा मोह मात्र वाचकांनी टाळावा.

दुसरा महत्त्वाचा रेणू अल्फा-कीटोग्लुटारेट. पेशीतील ऊर्जाचक्रात तो नित्य तयार होतो. तो अन्नातून दिल्यास कृमीचे आयुर्मान जवळपास निम्म्याने वाढते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपाशी कृमीत हा रेणू आपोआप वाढतो आणि आधीच अल्पाहारावर असलेल्या कृमीला वरून दिल्याने अधिक लाभ होत नाही. कमी खाण्याने आयुष्य वाढते, या जुन्या निरीक्षणामागचा एक दुवा असा हाती आला.

जिवाणूंचा वाटाही दुर्लक्षिता येणार नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. कृमीचे आयुष्य ते वाढवते खरे, पण प्रामुख्याने जिवाणूंतील फोलेट व मेथिओनिन यांचा व्यवहार बदलून, असे लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सिद्ध केले. जिवाणू नसतील तर तेच औषध कृमीला बाधते.

मुंबईचे योगदान याच सुमारास, पण फळमाशीच्या रूपाने आले. ‘सर-२’ हे प्रथिन वाढवल्यास कृमी दीर्घायुषी होतात, असा दावा २००१ साली झाला होता. हे प्रथिन ‘एनएडी’ या चयापचयातील सहघटकावाचून काम करू शकत नाही, त्यामुळे पेशीची ऊर्जास्थिती ओळखणारा पहारेकरी म्हणून त्याची ख्याती झाली. मात्र २०११ मध्ये लंडनच्या गटाने कृमी व माशी दोहोंत हा परिणाम दिसत नसल्याचे प्रसिद्ध केले आणि मोठा वाद पेटला. टाटा संस्थेतील उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली त्यात वेगळा मुद्दा मांडला. प्रथिन संपूर्ण देहात वाढवण्याऐवजी ते कोठे वाढते हे पाहावे. माशीच्या मेदपिंडात (हे ऊतक आपल्या यकृत व मेदऊतक या दोहोंचे काम करते) ते आयुर्मानावर प्रभाव टाकते, स्नायूंत टाकत नाही, आणि हा प्रभाव आहारानुसार बदलतो. मेदपिंडात ते कमी केले तर मेद वापरात आणण्याची आणि उपासमार सोसण्याची क्षमता बिघडते, हेही त्यांनी नोंदवले. एका प्रथिनाला आयुष्याचा राजा ठरवण्यापेक्षा ही भूमिका अधिक समंजस वाटते.

महाराष्ट्रापुरता या विषयाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे (नाव तेच असले तरी परळचे नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात दडलेला मेद याहून सोप्या रीतीने कोणी दाखवला नसेल. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या अभ्यासातून २००८ मध्ये असेही पुढे आले, की गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक असलेल्या स्त्रियांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध जास्त आढळतो.

येथे कृमी पुन्हा उपयोगी पडतो. ब-१२ मेथिओनिन तयार करण्यास लागते, मेथिओनिनपासून ‘एस-अॅडेनोसिल मेथिओनिन’ बनते आणि ते पेशीपटलातील फॉस्फॅटिडिलकोलिन या घटकाच्या निर्मितीत खर्ची पडते. या साखळीत तुटवडा आला, की कृमीच्या आतड्यात मेद तयार करणारी जनुके जोमाने काम करू लागतात आणि थेंब फुगतात, हे २०११ मध्ये दाखवले गेले. शाकाहारी घरांत ब-१२ची उणीव वारंवार आढळते. तीच साखळी आपल्या लेकरांच्या यकृतात कितपत चालते, हे कृमी पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी माणसांचाच दीर्घ अभ्यास हवा.

दरम्यान अल्फा-कीटोग्लुटारेटच्या व ‘एनएडी’ वाढवणाऱ्या गोळ्या बाजारात विकल्या जात आहेत. उंदरांवर २०२० साली झालेल्या प्रयोगात अल्फा-कीटोग्लुटारेटच्या कॅल्शियम क्षाराने आयुर्मानात झालेली वाढ माफक होती आणि ती ठळकपणे माद्यांतच दिसली. तीन आठवडे जगणाऱ्या, स्थिर तपमानात ठेवलेल्या, एकाच जातीच्या जिवाणूंवर पोसलेल्या कृमीचे आयुष्य निम्म्याने वाढणे आणि दादर-लालबागच्या चाळीत सत्तरी गाठलेल्या माणसाला चार वर्षे अधिक मिळणे, यांत बरेच अंतर आहे.