दोष पात्याचा नव्हे

मार्च २०२५ मध्ये एका चिनी यंत्राची बातमी जगभर फिरली. ‘चायना शिप सायंटिफिक रिसर्च सेंटर’ या सरकारी संस्थेच्या अभियंत्यांनी चार हजार मीटर खोलीवर केबल कापणारे यंत्र तयार केले, अशी ती बातमी. १५० मिलिमीटर व्यासाचे, हिऱ्याच्या कणांचा लेप दिलेले चाक. मिनिटाला १६०० फेरे. पाण्याचा दाब सोसायला टायटॅनियमचे कवच. आणि हे सारे दुरून चालवता येईल अशा पाणबुडीच्या हाताला जोडलेले. बातमीपाठोपाठ निष्कर्षही आला: आता एक कळ दाबली की जगाचे इंटरनेट बंद. हे मत इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागणेही उद्धटपणाचे वाटावे. तो उद्धटपणा मी येथे करणार आहे.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. पहिले म्हणणे असे, की आजवर धोका उथळ पाण्यापुरता होता. नांगर आणि मासेमारीची जाळी खोल तळापर्यंत पोचत नाहीत, म्हणून खोल समुद्र सुरक्षित होता. ती सुरक्षितता या यंत्राने संपवली. दुसरे, यंत्र दुरून चालते, त्यामुळे गुन्हेगार दूर राहतो आणि पुरावा उरत नाही. तिसरे, केबल कापण्याच्या यंत्राचा निरुपद्रवी उपयोग असूच शकत नाही. समुद्रतळाच्या संपत्तीच्या विकासासाठी ते आहे हा बनवणाऱ्यांचा खुलासा निव्वळ बहाणा आहे. असे म्हणणारी मंडळी अडाणी नाहीत. त्यांत नौदलांचे जाणकार अभ्यासक आहेत, आणि तैवान किंवा ग्वामच्या केबलींविषयीची त्यांची चिंता खरी आहे. चीनच्या हेतूची हमी मीही देणार नाही. पण आरोप हेतूवर न ठेवता यंत्रावर ठेवला गेला आहे, आणि तो टिकत नाही.

खोलीचा मुद्दा पाहू. १८६५ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजावरून अटलांटिकमध्ये टाकली जात असलेली तार तुटून तळाशी गेली. पुढच्या वर्षी तेच जहाज परत आले आणि साडेतीन किलोमीटरहून अधिक खोलीवरून लोखंडी गळाने ती तार त्याने वर काढली. कॅमेरा नाही, विजेवर चालणारी मोटर नाही; मैलोगणती दोर आणि वाफेवरचे रहाट एवढाच सरंजाम. तार दर खेपेला ताणाने निसटे किंवा तुटे. शेवटी सोबतच्या ‘मेडवे’ जहाजाने काही अंतरावर तीच तार गळात धरली आणि मुद्दाम तोडली. तेव्हा कुठे ताण उतरला आणि टोक हाती आले. म्हणजे खोल समुद्रात तार शोधणे, धरणे आणि तोडणे ही विद्या दीडशे वर्षांहून जुनी आहे. नव्या यंत्राने ती सुबक केली असेल, जन्माला घातलेली नाही.

बरे, खोल समुद्र सुरक्षित होता हे तरी खरे का? २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिणेला भूकंप झाला. समुद्राखालच्या उतारांवरून गाळाचे लोंढे सुटले आणि ते चार हजार मीटरपर्यंत उतरत गेले. नऊ केबली तुटल्या. अकरा जहाजे कामाला लागली, तरी दुरुस्तीला ४९ दिवस लागले. १९२९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स भूकंपाने अशाच लोंढ्यांनी बारा तारा तोडल्या होत्या. निसर्गाला हिऱ्याचे चाक लागले नाही.

आणखी एक बाब पूर्वपक्षाने नीट पाहिलेली नाही. हे यंत्र ६० मिलिमीटर जाडीच्या, पोलादी चिलखत चढवलेल्या केबली कापू शकते असे सांगितले गेले. पण चार हजार मीटरवर इंटरनेटची जी केबल असते, तिची जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते आणि तिच्यावर चिलखत नसते. चिलखत असते किनाऱ्याजवळ, जिथे नांगर आणि जाळ्यांचा धोका आहे. मग एवढे जबरदस्त चाक इंटरनेटच्या केबलीसाठी कशाला? वाचकांनी विचार करावा.

आता पुराव्याचा मुद्दा. तो तर उलटाच आहे. केबल तुटल्याचा क्षण किनाऱ्यावरच्या केंद्रात तत्काळ नोंदला जातो, आणि प्रकाशाचे स्पंद पाठवून तुटीची जागाही मोजता येते. त्या वेळी त्या जागेवर कोणते जहाज होते हे तपासणे अवघड नसते. खोल पाण्यातल्या यंत्राला वर एक मातृजहाज लागते, आणि ते भर समुद्रात एका ठिकाणी थांबून राहिले तर नजरेत भरतेच. शिवाय दुरुस्तीसाठी केबलीची टोके वर येतात तेव्हा ती बोलतात: ओढून फाटलेले टोक वेगळे, चाकाने घासून कापलेले वेगळे. लपायचे असेल त्याने असा सहीशिक्का मागे का ठेवावा?

त्यापेक्षा नांगर बरा. २५ डिसेंबर २०२४ रोजी ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाने फिनलंडच्या आखातात सुमारे ९० किलोमीटर नांगर ओढत नेला. फिनलंड-एस्टोनियामधली ‘एस्टलिंक २’ ही विजेची केबल आणि चार दूरसंचार केबली तुटल्या. जहाज पकडले गेले, कप्तानावर आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो फेटाळला. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचे कलम ११३ प्रत्येक देशाला स्वतःच्या ध्वजाखालच्या जहाजांना आणि आपल्या कक्षेतल्या माणसांना शिक्षा करायला सांगते; ‘ईगल एस’वर ध्वज होता कुक बेटांचा. जहाज हाती, नांगर हाती, आरोपी समोर. तरी निकाल हाच. ज्याला हे उपलब्ध आहे, तो टायटॅनियमचा खर्च कशाला करील?

तिसरा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ. कापण्याच्या यंत्राचा निरुपद्रवी उपयोग नाही म्हणणाऱ्याने केबल दुरुस्त कशी होते हे पाहिलेले नाही. खोल तळावर केबल जवळजवळ सरळ पडलेली असते, तिला वर आणण्याइतकी ढील नसते. चार किलोमीटर वर खेचायचे तर कित्येक किलोमीटरची जास्तीची लांबी हवी. म्हणून दुरुस्तीचे जहाज आधी पाते लावलेला गळ केबलीच्या मार्गावर आडवा ओढते. दोरावरचा ताण मोजणारा काटा चढत जातो आणि एकदम पडतो: केबल कापली गेली. मग दुसऱ्या गळाने एक टोक वर घेतात, तपासतात, बंद करतात आणि तरंगत्या बोयाला बांधून ठेवतात. त्यानंतर दुसरे टोक. मध्ये नव्या केबलीचा तुकडा जोडला जातो आणि सारी लांबी पुन्हा तळाशी सोडली जाते. उथळ पाण्यात हेच काम दुरून चालवलेले यंत्र करते, आणि त्याच्या हाताला पकड असते तसेच पातेही असते. कापल्याशिवाय जोडता येत नाही.

जीव वाचवण्याचे उदाहरणही घ्या. ऑगस्ट २००५ मध्ये कामचाटकाजवळ रशियाची ‘एएस-२८’ ही छोटी पाणबुडी १९० मीटर खोलीवर जाळी आणि केबलींत अडकली. आत सात माणसे, हवा संपत आलेली. ब्रिटनहून विमानाने आणलेले ‘स्कॉर्पिओ ४५’ हे दूरनियंत्रित यंत्र पाण्यात उतरवले गेले. वर जहाजावर बसलेल्या माणसांनी पडद्याकडे पाहत एकेक गुंता कापला. पाणबुडी वर आली, सातही जण जिवंत.

यावर पूर्वपक्ष म्हणेल: मग दुरुस्तीचे हत्यारच युद्धात शस्त्र होईल. होईल नव्हे, झाले आहे. ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे, युद्ध पुकारून काही तास झाले असताना, ‘अलर्ट’ या जहाजाने इंग्लिश खाडीत जर्मनीच्या पाच तारा वर काढून तोडल्या. ‘अलर्ट’ ही युद्धनौका नव्हती. ब्रिटिश टपाल खात्याचे ते तारा दुरुस्त करणारे जहाज होते. ज्याला तोडायचे आहे त्याच्याकडे साधन १९१४ मध्येही होते. मग २०२५ मध्ये नवे काय घडले?

खरा प्रश्न तोडण्याचा नव्हे, जोडण्याचा आहे. जगात दरवर्षी दीडशे ते दोनशे वेळा केबली तुटतात, आणि त्यांतल्या बहुतेक मासेमारी आणि नांगरांमुळे. तरी आपल्याला पत्ता लागत नाही, कारण वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळते आणि जहाजे जाऊन तूट जोडतात. जिथे दुसरा मार्ग नाही किंवा जहाज पोचत नाही, तिथेच संकट येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी मारा केलेल्या ‘रुबीमार’ जहाजाचा नांगर तांबड्या समुद्रात घसटत गेला आणि तीन केबली तुटल्या, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. तुटायला काही मिनिटे पुरली. दुरुस्ती युद्ध आणि परवान्यांच्या घोळात कित्येक महिने रखडली.

आपल्या दाराशी काय आहे? मुंबईत उतरणाऱ्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या थोडक्या किनाऱ्यावर एकवटल्या आहेत. आणि दुरुस्तीसाठी भारतीय ध्वजाची जहाजे हवीत, ही शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जून २०२३ मध्ये केली, त्या चिनी यंत्राची बातमी येण्याच्या पावणेदोन वर्षे आधी. यंत्रावर संताप करणाऱ्यांनी आपला आवाज आता त्या शिफारशीमागे लावावा.