सहीपुरती वही

विज्ञान शाखेत शिकलेल्या कुणालाही ‘जर्नल’ म्हटलं, की प्रयोगाआधी सही आठवते. वर्षभर मागे पडलेले प्रयोग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वहीत उतरवायचे आणि सकाळी सरांच्या दाराशी रांग लावायची. अकरावीत लोलकाच्या प्रयोगावरून मी गुरुत्वत्वरण काढलं. उत्तर ९८० च्या आसपास यायला हवं. माझं आलं १०८५. मग काय, मित्राची वही घेतली, त्याची निरीक्षणं उतरवली आणि माझा कागद फाडून टाकला. सरांनी सही केली. वही प्रमाणित झाली. मी केलेला प्रयोग मात्र तिच्यात उरला नाही.

ही जुनी गोष्ट आठवायचं कारण म्हणजे ‘ई-पोर्टफोलिओ’. चित्रकार आपली निवडक चित्रं ज्या मोठ्या फोल्डरमध्ये घेऊन फिरतो, तो पोर्टफोलिओ. हेच फोल्डर संगणकावर आलं, त्यात विद्यार्थ्याचे निबंध, अहवाल, भाषणांच्या चित्रफिती, शिक्षकांचे अभिप्राय आणि त्या कामाबद्दल विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले चार शब्द जमा झाले, की झाला ई-पोर्टफोलिओ. यंत्र नवं आहे, पण त्यामागचा विचार संगणकापेक्षा जुना आहे.

आपली विद्यापीठं जन्मली तीच मुळी परीक्षा घेण्यासाठी. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. वर्षाच्या अभ्यासाचा निवाडा तीन तासांच्या पेपरात व्हायचा. लिहिलेला पेपर एकदा आत गेला, की बाहेर यायचा तो नुसता आकडा. आपण कुठे चुकलो, हे विद्यार्थ्याला कळायचा मार्गच नव्हता.

या पद्धतीला वेगळं उत्तर शोधलं अमेरिकेतल्या एका लहानशा महिला महाविद्यालयाने. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातलं हे अल्व्हर्नो कॉलेज कॅथलिक जोगिणींनी चालवलेलं. सिस्टर जोएल रीड तिथल्या अध्यक्ष होत्या. १९७३ साली या कॉलेजने नेहमीच्या श्रेणी बाजूला ठेवल्या आणि विद्यार्थिनीला काय काय करता आलं पाहिजे, हे ठरवलं. संवाद साधणं, विश्लेषण करणं, प्रश्न सोडवणं, नागरिक म्हणून वागणं अशा आठ क्षमता ठरल्या आणि त्यांच्या पायऱ्याही. विद्यार्थिनीने काम करून दाखवायचं, आधी स्वतःच ते तपासायचं आणि मग शिक्षकांचा अभिप्राय ऐकायचा. तपासायला गावातली नोकरी-व्यवसाय करणारी माणसंही येत.

त्यातली एक रीत मला फार आवडते. कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुलीला छोटं भाषण करायला सांगत आणि त्याचं चित्रीकरण करून ठेवत. पुढे तिची आणखी भाषणं चित्रित होत. पहिल्या भाषणात अडखळणारी, मान खाली घालणारी मुलगी नंतर स्वतःच ते पाहायची आणि आपण कुठून कुठे आलो हे तिचं तिला समजायचं. पहिला फसलेला प्रयत्न फाडून टाकायचा नाही, जपून ठेवायचा, हे या पद्धतीचं मर्म.

न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रूक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ या प्राध्यापकांनीही १९८० च्या दशकात असंच पाऊल उचललं. इंग्रजी लेखनाची एकदाच होणारी परीक्षा त्यांनी काढून टाकली. तिच्याऐवजी विद्यार्थ्याने सत्रभरात लिहून, सुधारून, पुन्हा लिहिलेल्या मजकुरांचं फोल्डर तपासायचं असं ठरलं. खाडाखोड हा दोष न राहता शिकण्याचाच भाग झाला.

मग वेब आलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हा सराव अल्व्हर्नोने शतक बदलता बदलता संगणकावर नेला. महत्त्वाची कामं, त्यांवरचे अभिप्राय आणि विद्यार्थिनीचं आत्मपरीक्षण एकाच जागी दिसू लागलं. हा क्रम लक्षात घ्या. सवय आधी होती, यंत्र नंतर आलं.

पुष्कळ ठिकाणी गाडी उलटी जुंपली गेली. ब्रिटनमध्ये सर रॉन डिअरिंग यांच्या समितीने १९९७ साली प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ‘प्रोग्रेस फाईल’ सुचवली. गुणांच्या नोंदीसोबत आपल्या प्रगतीचा विचार करायलाही त्यात जागा होती. विद्यापीठांना त्यासाठी २००५-०६ ची मुदत मिळाली आणि फाईल ठेवायला संगणकप्रणाली हवी झाली. वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठातून ‘पेबलपॅड’ पुढे आलं. न्यूझीलंडमध्ये २००६ साली तिथल्या विद्यापीठांनी सरकारी निधीतून ‘महारा’ ही ओपन सोर्स प्रणाली सुरू केली. माओरी भाषेत महारा म्हणजे विचार करणं. नाव किती नेमकं!

पण विचार काही प्रणाली करत नाही. अमेरिकेत २००० नंतर शिक्षक-प्रशिक्षणाच्या मानांकनासाठी पुरावे हवे होते, म्हणून अनेक कॉलेजांनी ई-पोर्टफोलिओ सक्तीचे केले. प्रत्येक निकषाला एक चौकट, प्रत्येक चौकटीत एक फाईल. विद्यार्थी चौकटी भरून मोकळे. अलास्कातल्या हेलन बॅरेट १९९० च्या दशकापासून या विषयावर काम करत होत्या. विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी आणि संस्थेची हिशेबवही वेगळी, हा मुद्दा त्यांनी सतत मांडला. दोन्ही एकत्र केल्या, तर हिशेब गोष्टीला गिळतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. पदवी मिळाली, विद्यापीठातलं खातं बंद झालं, मग चार वर्षांचं काम कुठे गेलं? ते एका प्रणालीतून दुसरीत नेता यावं म्हणून ब्रिटनमध्ये ‘लीप टू ए’ नावाचं समाईक रूप तयार झालं आणि महाराने ते स्वीकारलंही. आपल्याकडे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, २०२१ मध्ये श्रेयांकांची बँकही आली. तिथे निकाल सुरक्षित राहतो; ज्या कामातून तो निकाल आला, ते काम राहत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापनही असावं असं म्हटलं आहे. विचार चांगला आहे. धास्ती एवढीच, की त्याचंही जर्नल होऊ नये. आता तर उतरवायला रात्र जागावी लागत नाही. ‘मी काय शिकलो’ हेसुद्धा यंत्र क्षणात लिहून देतं. म्हणून प्रणाली विकत घेण्याआधी प्रत्येक संस्थेने एक हिशेब करावा. हे काम वाचून विद्यार्थ्याशी बोलायला आपल्या शिक्षकाकडे आठवड्यात किती वेळ आहे? शंभर वह्या समोर असलेला माणूस सहीच करणार, त्याला दोष कसा द्यायचा?

माझ्या लोलकाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. पुष्कळ वर्षांनी मुलीला तोच प्रयोग दाखवताना उलगडा झाला. लोलक सोडतानाच मी ‘एक’ म्हणत होतो. म्हणायला हवं होतं ‘शून्य’. वीस आंदोलनं समजून मी एकोणीसच मोजली होती. फाडून टाकलेल्या त्या कागदावर ही चूक स्वच्छ लिहिलेली होती. तो कागद समोर ठेवून कुणी मला विचारलं असतं, ‘बाळ, मोजलंस कसं?’ तर मी तेव्हाच शिकलो असतो.