ॲलेलोपथी: एकमेकांना सोसणं

होमिओपॅथीतली 'पॅथी' मराठी माणसाला चांगलीच परिचयाची. तिचं मूळ ग्रीक 'पाथोस', म्हणजे सोसणं, वेदना. तिच्याआधी 'आलेलोन', म्हणजे 'एकमेकांचं', जोडून वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी 1937 साली 'ॲलेलोपथी' हा शब्द घडवला.

मोलिश यांच्या अभ्यासात एक साधं सफरचंद होतं. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या रोपांची वाढ बदलतो. एका वनस्पतीचं रसायन दुसरीवर परिणाम करतं, मग तो परिणाम चांगला असो वा वाईट, एवढाच त्यांचा मूळ अर्थ. पुढे व्यवहारात शब्दाला चिकटला तो मुख्यतः जाच.

जाच मात्र शब्दाहून कितीतरी जुना! अक्रोडाची सावली घातक असते, असं रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच लिहून ठेवलं होतं. दोष सावलीचा नव्हता, रसायनाचा होता. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाच्या मुळांत आणि पानांत एक निरुपद्रवी द्रव्य असतं. हवा लागली की त्याचं जुग्लोन नावाचं विष होतं आणि जवळची टोमॅटोची रोपं कोमेजतात.

महाराष्ट्रातलं याचं परिचित उदाहरण म्हणजे गाजरगवत. 1950च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे तण पार्थेनिन नावाचं रसायन सोडून शेजारच्या बियांचं उगवणंच रोखतं.