वायपरचा दांडा : झीज व बदल

मोटारीच्या पुढच्या काचेवर रबरी ब्लेड दाबून धरणारा आणि ते मागेपुढे फिरवणारा धातूचा भाग म्हणजे वायपरचा दांडा. गॅरेजात त्याला ‘आर्म’ म्हणतात. दातेरी शाफ्टवर बसणारे डोके, बिजागरी, तिच्या पोटातली ताणाची स्प्रिंग आणि टोकाला ब्लेड अडकवण्याचा हुक असलेली पट्टी, एवढीच त्याची रचना. पाणी रबराची धार पुसते, पण त्या धारेला काचेवर लागणारा दाब या स्प्रिंगमधून येतो. दाबाचे हे महत्त्व पहिल्यापासून ओळखले गेले होते. मेरी अँडरसन यांना 1903 मध्ये अमेरिकेत ज्या हाताने चालवायच्या वायपरचे पेटंट मिळाले, त्यातही पाते काचेला चिकटून राहावे म्हणून वजनाची योजना होती. असे असूनही आपल्याकडे पावसाळा तोंडावर आला की ब्लेड बदलले जाते आणि दांडा गाडी विकेपर्यंत तोच राहतो. बोईसरजवळच्या बेटेगावासारख्या ठिकाणी तरी ही रीत सोडायला हवी.

याचे कारण इथल्या हवेत आहे. पश्चिमेला तारापूर-चिंचणीचा किनारा, लगत तारापूरची औद्योगिक वसाहत आणि चिल्हार फाट्यामार्गे राष्ट्रीय महामार्ग 48 कडे जाणारी अवजड वाहतूक. खारी दमट हवा, कारखान्यांचा धूर आणि ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल यांचा थर बिजागरीत बसतो. उन्हाळ्यात तो वाळतो, जूनमध्ये पुन्हा भिजतो. स्प्रिंग आणि बिजागरीची पिन पोलादाची. ती गंजते, बिजागरी जड होते, आणि स्प्रिंगचा उरलासुरला ताण त्या घर्षणातच खर्ची पडतो. डोके मात्र पुष्कळ गाड्यांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यात खारे पाणी शिरले की त्यांपैकी ॲल्युमिनियम आधी झिजते. नटावरची प्लॅस्टिकची टोपी उचकटली की शाफ्टभोवती जी पांढुरकी भुकटी दिसते, ती याच झिजेची. वरचा काळा रंग शाबूत असला तरी आतले दाते झिजलेले असू शकतात.

दोष रबराचा की दांड्याचा, हे काचेवरच वाचता येते. रबर फाटले असेल तर एक बारीक रेघ राहते आणि नवे ब्लेड घातल्यावर ती जाते. स्प्रिंग मेली असेल तर रुंद, धूसर पट्टा राहतो, आणि वेग वाढताच वारा ब्लेडला उचलत असल्याने तो आणखी रुंदावतो. दांडा पिळला असेल तर ब्लेड जाताना स्वच्छ पुसते आणि येताना कडकडत उड्या मारते. कारण प्रत्येक फेरीअखेर रबराची धार दुसऱ्या बाजूला कलावी लागते आणि तिरप्या दांड्यामुळे ती कलत नाही. मोटर फिरते पण वायपर अडखळतो किंवा हलतच नाही, तेव्हा आधी नट घट्ट आहे का पाहावे. तो घट्ट असेल तर दाते घासले आहेत किंवा आतली जोडणी निखळली आहे. नवे ब्लेड घालूनही पट्टा त्याच जागी राहिला, तर दांड्याविषयी शंका उरत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा: पकडीने दांडा थोडा वाकवला की काम भागते, मग नवा कशाला? पीळ किरकोळ असेल तर हे खरे आहे, आणि कुशल मेकॅनिक तो अचूक काढतो. पण वाकवण्याने मेलेल्या स्प्रिंगमध्ये ताण परत येत नाही आणि झिजलेले दाते भरून येत नाहीत. शिवाय दाब वाढावा म्हणून दांडा काचेकडे वाकवला, तर ब्लेडचे एक टोक रुतते आणि दुसरे सुटते. दुसरा आक्षेप असा की दांडा क्वचितच बिघडतो. कोरड्या प्रदेशात तसे असेलही. वर्षाला 2,000 मिमीहून अधिक पाऊस झेलणाऱ्या किनारपट्टीला तो हिशेब लागू पडत नाही.

बदलण्याचे काम अवघड नाही, मात्र क्रम चुकवू नये. वायपर एकदा चालवून त्याच्याच स्विचने बंद करावा, म्हणजे तो ठरलेल्या विश्रांतीच्या जागी येतो. मगच इग्निशन बंद करावे. काचेवर ब्लेडच्या जागेची खूण चिकटपट्टीने करावी आणि काचेवर जाड कापड अंथरावे, कारण निसटून आपटलेला उघडा दांडा काच फोडतो. टोपी काढून नट सैल करावा, पण डोके हलेपर्यंत तो पूर्ण काढू नये. गंजलेले डोके हातोडीने ठोकू नये, पुलरने ओढावे. ठोकल्याने खालची जोडणी वाकते. शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशने घासून कोरडे ठेवावेत, कारण तिथे तेल राहिले तर नवे डोके घसरू शकते. डाव्या-उजव्या बाजूचे दांडे बहुधा वेगळे असतात, म्हणून सुटा भाग मॉडेल आणि बाजू सांगूनच घ्यावा. दांडा खुणेवर बसवून नट पुस्तिकेत दिलेल्या घट्टपणाने आवळावा, आणि काच ओली करून आधी मंद, मग वेगवान फेरी पाहावी. ब्लेड काचेच्या कडेला किंवा बॉनेटला लागले तर दांडा एक-दोन दाते सरकवून पुन्हा बसवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 101 कार्यक्षम वायपरची अपेक्षा करतो. नवे ब्लेड लावलेला पण दाब हरवलेला वायपर त्या अपेक्षेत बसत नाही. मे महिन्यात ब्लेड विकत घेण्याआधी दांडा काचेपासून उचलून स्प्रिंगची ओढ हाताने पाहावी. ती ढिली लागली तर दांडा आधी बदलावा, ब्लेड नंतर.