आधी पत्र, मग शाळा

"उद्या वडिलांना घेऊन ये" असे बाईंनी म्हटले की मुलाच्या पोटात गोळा यायचा. शाळेचा निरोप म्हणजे तक्रार, असेच आपण धरून चालतो. पण शाळेने आपल्याला कळवावे एवढ्यासाठी आईबापांना कोर्टाची पायरी चढावी लागली, असेही घडले आहे. ही हकीकत अमेरिकेतली, विशेष मुलांच्या पालकांची.

१९१९ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या अँटिगो गावच्या एका मुलाचा खटला गाजला. त्याला जन्मापासून एक प्रकारचा पक्षाघात होता. अभ्यासात तो इतरांच्या बरोबरीने होता. पण लाळ गळते, बोलणे अडखळते, त्याचा शिक्षकांना आणि मुलांना त्रास होतो, म्हणून शाळेने त्याला घेतले नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेचाच निर्णय उचलून धरला. घरच्यांच्या म्हणण्याला वजन नव्हते.

पुढची पन्नास वर्षे फारसे बदलले नाही. पेनसिल्व्हेनियात तर ज्या मुलाचे मानसिक वय ५ वर्षांचे झालेले नाही, त्याला शाळा प्रवेश नाकारू शकत असे. १९७१ च्या जानेवारीत तिथल्या मतिमंद मुलांच्या पालकांची संघटना न्यायालयात गेली. गंमत अशी की पहिली तडजोड झाली ती कळवण्याबाबत. मुलाचा वर्ग बदलण्याआधी पालकांना लेखी कळवायचे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायचे, हे त्या जूनमध्ये ठरले. शिक्षणाचा हक्क मान्य झाला तो ऑक्टोबरमध्ये. आधी पत्र, मग शाळा! मला हा क्रम योग्य वाटतो. घरी काही कळलेच नाही, तर हक्कासाठी भांडणार कोण?

१९७२ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या अशाच खटल्यात न्यायमूर्ती वॉडी यांनी पत्रात काय असावे हेही सांगितले. शाळा काय करू पाहते, त्याची कारणे कोणती, आणि पालकांना हरकत कशी घेता येईल, हे सारे त्यात हवे.

पण पत्र कुठल्या भाषेत? कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या काही मुलांची बुद्धिचाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. १९७० च्या खटल्यात ते उघड झाले. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतली, तर बहुतेकांचे गुण वाढले. जी भाषा मुलाला कळत नाही, ती त्याच्या आईला तरी कशी कळणार?

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी देशभरासाठी कायदा मंजूर केला. देशात ८० लाखांवर अपंग मुले आहेत आणि त्यांपैकी १० लाख शाळेबाहेर आहेत, अशी नोंद त्या कायद्यातच आहे. प्रत्येक मुलाची शैक्षणिक योजना ठरवताना पालकांना बैठकीत जागा मिळाली. शक्य असेल तिथे त्यांना मातृभाषेत कळवणे बंधनकारक झाले. आज तिथे राहणाऱ्या मराठी आईबापांनाही ही तरतूद लागू आहे.

अर्थात कायदा पत्र पाठवायला लावतो, बोलायला लावू शकत नाही. "तुमच्या मुलाला हे येत नाही" या वाक्यानंतर शिक्षक थांबला, तर नियम पाळला जातो आणि आई मात्र मान खाली घालून सही करते. "घरी तो काय काय करतो?" एवढे विचारले, तर तीच आई तासभर बोलते. त्या तासात जे कळते, ते कुठल्याच चाचणीत सापडत नाही.